लानव्रॉथेनची कबर : एका आडगावच्या सॉलिसिटरचा दावा

१८८८ साली उत्तर वेल्समधल्या लानव्रॉथेन नावाच्या खेड्यात रॉबर्ट रॉबर्ट्स हा म्हातारा खाणकामगार वारला. जाण्यापूर्वी त्याने एकच मागितले होते : मला लेकीशेजारी पुरा. लेक त्याच्या आधी गेली होती. गावच्या चर्चच्या आवारात तिची कबर होती आणि शेजारी जागाही होती. म्हातारा होता चॅपलचा, म्हणजे इंग्लंडच्या सरकारमान्य चर्चबाहेरच्या मेथडिस्ट पंथाचा. घरच्यांनी कळवले, की आमचा पुरोहित आमच्या पद्धतीने प्रार्थना म्हणेल. हे कळल्यावर चर्चच्या रेक्टरने, रिचर्ड जोन्सने, खणलेली कबर बुजवायला लावली आणि आवारातली वेगळी जागा दाखवली. बेवारस प्रेते आणि आत्महत्या केलेली माणसे जिथे पुरत, तो तो कोपरा होता.

रॉबर्ट्स कुटुंब सल्ल्यासाठी गेले डेव्हिड लॉइड जॉर्जकडे. तो तेव्हा पंचवीस वर्षांचा होता, सॉलिसिटर होऊन त्याला चार वर्षे झाली होती, आणि त्याची वकिली लहानशा गावांतल्या लहानशा कज्ज्यांवर चालत होती. पुढे तो ब्रिटनचा पंतप्रधान झाला. आपल्याकडच्या वाचकांना तो बहुधा १९१७ ची माँटेग्यू घोषणा ज्याच्या कारकिर्दीत झाली तो पंतप्रधान म्हणून, नाहीतर १९२२ च्या ‘पोलादी चौकट’ भाषणामुळे माहीत असतो. चरित्रे या खटल्याला एखाददुसरे पान देतात आणि लंडनकडे धावतात. मला मात्र तो माणूस पुरता कळतो तो इथेच. मी स्वतः तालुक्याच्या कोर्टात दिवाणी कामे पाहतो. जमिनीचा वाद वरून धर्माचा किंवा मानाचा दिसला तरी खाली ताबा, दस्त आणि खर्च हे तीनच प्रश्न असतात, हे मी रोज बघतो. लॉइड जॉर्जने हे पंचविसाव्या वर्षी ओळखले आणि पुढची सतरा वर्षे स्थानिक राजकारणात तेच तीन प्रश्न विचारत राहिला. म्हणून हे प्रकरण नीट मांडून पाहावेसे वाटले.

जागेचा इतिहास

त्या काळच्या वेल्समध्ये बहुसंख्य लोक चॅपलवाले होते. बॅप्टिस्ट, मेथडिस्ट, इंडिपेंडंट अशा निरनिराळ्या पंथांचे ते लोक घरात, शेतात आणि खाणीत वेल्श बोलत. सरकारी धर्मसंस्था मात्र चर्च ऑफ इंग्लंड. तिच्या खर्चासाठी शेतकऱ्याच्या उत्पन्नावर ‘टाइद’ नावाची वसुली होती आणि ती चॅपलवाल्यांनाही चुकत नसे. जमीनदार, मॅजिस्ट्रेट आणि रेक्टर हे तिघे बहुतेक ठिकाणी एकाच पंक्तीला बसणारे. १८६८ च्या निवडणुकीत जमीनदारांच्या विरोधात मत दिले म्हणून कुळांना घराबाहेर काढल्याच्या आठवणी कारनार्वन परगण्यात ताज्या होत्या. लॉइड जॉर्ज त्या आठवणी ऐकतच मोठा झाला.

कितीतरी खेड्यांत चर्चचे आवार हीच एकमेव दफनभूमी असे. १८८० पर्यंत तिथे पुरायचे तर चर्चच्याच विधीने, चर्चच्याच पाद्र्याच्या हातून. १८८० च्या कायद्याने हे बदलले. जॉर्ज ऑस्बर्न मॉर्गन या वेल्श खासदाराच्या नावाने तो ओळखला जातो. मृताच्या नातेवाइकांनी रेक्टरला ४८ तासांची नोटीस द्यायची, मग त्यांना आपल्या पद्धतीच्या ख्रिस्ती प्रार्थनेने किंवा प्रार्थनेशिवायही पुरता येई. रॉबर्ट्स कुटुंबाने ही नोटीस दिली होती.

रेक्टरला अडवता आले ते जमिनीच्या कागदामुळे. आवाराचा जो भाग वादात होता तो मूळच्या चर्चचा नव्हता. जुनी जागा पुरेना म्हणून १८६४ साली मिसेस ओवेन नावाच्या बाईंनी तो गावाला दिला होता. दिला तो तोंडी, दस्त झाला नाही. गावकऱ्यांनी त्याला भिंत घातली, तो आवारात घेतला आणि तिथे माणसे पुरायला सुरुवात केली. सतरा वर्षे असेच चालले. मग १८८० चा कायदा आला आणि १८८१ मध्ये रेक्टरने त्याच बाईंकडून त्याच जमिनीचा रीतसर दस्त करून घेतला. त्यात अट घातली, की इथे पुरायचे ते फक्त चर्चच्या विधीने. नवा कायदा या तुकड्यापुरता लागू होऊ नये, एवढ्यासाठीच तो दस्त होता.

हे वाचले तेव्हा मला आपल्याकडचे डझनभर वाद आठवले. कुणा मालकाने गावाला तोंडी दिलेली जागा, गाव वर्षानुवर्षे वापरते, स्मशान म्हणून, देवळापुढचे पटांगण म्हणून, शाळेचे मैदान म्हणून. सातबाऱ्यावर नाव मात्र जुनेच. मालक जातो, वारस येतात, जमिनीचे भाव वाढतात आणि एक दिवस कुणीतरी खरेदीखत घेऊन उभे राहते. आपल्या १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे स्थावराचे बक्षीस नोंदणीकृत दस्ताशिवाय होत नाही. त्याच वेळी मुदतीचा कायदा सांगतो, की खरा मालक बारा वर्षे गप्प बसला आणि दुसऱ्याने उघडपणे ताबा भोगला तर मालकाचा हक्क जातो. लानव्रॉथेनचा वाद नेमका या दोन तत्त्वांमधल्या फटीत उभा होता. १८६४ चे दान कागदावर कच्चे होते. पण १८६४ ते १८८१ ही सतरा वर्षे गावाने जागा वापरली. मग १८८१ मध्ये त्या बाईंकडे द्यायला उरले होते तरी काय?

सॉलिसिटर कसा घडला

लॉइड जॉर्जचा जन्म १७ जानेवारी १८६३ चा, मँचेस्टरमधला. वडील शाळामास्तर. डेव्हिड दीड वर्षाचा असताना ते न्यूमोनियाने गेले. आई मुलांना घेऊन भावाकडे, लानस्टिमडवी या गावी आली. मामा रिचर्ड लॉइड धंद्याने चांभार होते. स्वतःच्या दुकानात बूट शिवायचे आणि रविवारी आपल्या छोट्या बॅप्टिस्ट चॅपलमध्ये बिनपगारी उपदेश करायचे. भाच्याने वकील व्हावे हे घरात ठरले तेव्हा प्रवेश परीक्षेसाठी फ्रेंच यायला हवे होते. गावात शिकवणारे कोणी नाही. मामांनी पुस्तक आणले, आधी स्वतः शिकले आणि मग भाच्याला शिकवले. या एका गोष्टीसाठी मी त्या चांभाराला कितीही वेळा नमस्कार करीन.

१८७८ मध्ये मुलगा पोर्थमाडोगच्या ब्रीझ, जोन्स अँड कॅसन या फर्ममध्ये उमेदवारीला लागला आणि १८८४ मध्ये शेवटची परीक्षा पास झाला. पोर्थमाडोग हे तेव्हा पाटीच्या दगडाचे बंदर होते. ब्लायनाउ फेस्टिनिओगच्या खाणींतला दगड अरुंद रुळांच्या गाडीने खाली येई आणि जहाजांवर चढे. बंदर म्हटले की कर्जे, करार, पगाराचे वाद, दारूची भांडणे. नव्या वकिलाला शिकायला याहून चांगली जागा नाही. १८८५ मध्ये त्याने क्रिक्येथला मामांच्या घराच्या मागच्या खोलीत स्वतःचे काम सुरू केले. दोन वर्षांनी धाकटा भाऊ विल्यम पास होऊन येऊन मिळाला.

सॉलिसिटर या शब्दाबद्दल दोन वाक्ये सांगितली पाहिजेत, कारण आपल्याकडे तो मुख्यतः मुंबई हायकोर्टाच्या मूळ शाखेपुरता राहिला. इंग्लंड-वेल्समध्ये अशील आधी जातो तो सॉलिसिटरकडे. दस्त, मृत्युपत्र, नोटीस ही सगळी कामे त्याची. मॅजिस्ट्रेटपुढे आणि काउंटी कोर्टात तो स्वतः उभा राहू शके, वरच्या कोर्टात मात्र बॅरिस्टर लावावा लागे. म्हणजे त्या गावांतल्या गरीब माणसाचा खरा वकील सॉलिसिटरच. लॉइड जॉर्जकडे येणारे लोक कुळे, खाणकामगार, मासे चोरून पकडल्याचा आरोप असलेली पोरे असे. समोर बेंचवर बसलेले मॅजिस्ट्रेट बहुतेक तेच जमीनदार, ज्यांच्या नदीतला मासा पकडलेला असे. तो त्यांच्यापुढे नमून बोलत नसे आणि त्यासाठीच लोक त्याच्याकडे येत. दक्षिण कारनार्वन भागातल्या टाइदविरोधी संघटनेचे चिटणीसपदही त्याच्याकडे होते. १८८८ च्या जानेवारीत त्याने मित्रांबरोबर ‘उडगॉर्न रिडिड’ म्हणजे ‘स्वातंत्र्याची तुतारी’ हे वेल्श वृत्तपत्र काढले. त्याच महिन्यात क्रिक्येथजवळच्या सुखवस्तू शेतकऱ्याच्या मुलीशी, मार्गारेट ओवेनशी, लग्न केले. तोवर त्याचा राजकारणाचा विचार पक्का झालेला होता, फक्त त्याला उचलून धरणारा खटला आला नव्हता.

सल्ला

रॉबर्ट्स कुटुंबाला त्याने सांगितले : कायदा तुमच्या बाजूने आहे. लेकीशेजारीच पुरा. फाटकाला कुलूप असेल तर ते तोडून आत जा.

फाटकाला कुलूप होते. त्यांनी ते तोडले, कबर खणली, म्हाताऱ्याला लेकीशेजारी ठेवले आणि चॅपलच्या पद्धतीने प्रार्थना म्हटली.

या सल्ल्यावर मी बराच विचार केला आहे. वरवर पाहिले तर हे तरुण रक्ताचे धाडस वाटते. एखादा सावध वकील म्हणाला असता, आधी कोर्टाचा हुकूम आणू. पण प्रेत घरात असताना हुकुमाची वाट किती दिवस पाहणार? शिवाय दोन-तीन दिवसांत घरचे थकले असते आणि कोपऱ्यातली जागा निमूटपणे घेतली असती. रेक्टरचा सगळा हिशेब या थकव्यावर होता. आपल्याकडे स्मशानाची वाट अडवली गेलेली माणसे तहसील कचेरीपुढे प्रेत आणून ठेवतात त्या बातम्या वाचताना मला हेच दिसते. अडवणाऱ्याला माहीत असते, की समोरच्याजवळ वेळ नाही.

दुसरी गोष्ट अधिक बारीक आहे. एकदा दफन झाले, की प्रेत उकरून काढायला १८५७ च्या कायद्याप्रमाणे सरकारी किंवा धर्मखात्याची परवानगी लागे. रेक्टर ती मागण्याची शक्यता फार थोडी. म्हणजे कुलूप तुटले त्या क्षणी वस्तुस्थिती पक्की झाली आणि कोर्टात जायची पाळी रेक्टरवर आली. वादी कोण होणार, हे दिवाणी दाव्यात अर्धे यश असते. हक्क शाबीत करायचा बोजा वादीवर पडतो. म्हाताऱ्याच्या मुलांना ‘आम्हाला हक्क द्या’ म्हणून उभे राहावे लागले नाही. रेक्टरला ‘ही जमीन माझी, यांनी अतिक्रमण केले’ म्हणून उभे राहावे लागले, आणि जमीन त्याची आहे हे दाखवायला १८८१ चा दस्त पुढे करावा लागला. लॉइड जॉर्जला तो दस्तच कोर्टापुढे यायला हवा होता.

धोका होताच. दावा हरला असता तर नुकसानभरपाई आणि खर्च त्या गरीब घरावर पडला असता. कुलूप तोडल्याचा वेगळा ठपका लागू शकला असता. सल्ला देणाऱ्या वकिलाची पतही गेली असती. हा धोका त्याने अशिलाच्या जिवावर घेतला, असा आक्षेप घेता येतो, आणि मला तो पूर्ण निराधार वाटत नाही. मात्र अशिलाला काय हवे होते हे त्याने अचूक ओळखले होते. त्यांना भरपाई नको होती, तत्त्वाचा निकालही नको होता. बापाचा शब्द पाळायचा होता, आणि निकाल काहीही लागला तरी तो शब्द पाळला जाणारच होता.

पोर्थमाडोगचे कोर्ट

रेक्टरने पोर्थमाडोगच्या काउंटी कोर्टात अतिक्रमणाचा दावा लावला. लॉइड जॉर्जने ज्यूरी मागितली. ज्यूरीतले लोक त्याच मुलखातले असणार हे त्याला ठाऊक होते. पण त्याने ज्यूरीच्या भावनेवर सगळा भार टाकला नाही. प्रश्न वस्तुस्थितीचे ठेवले : १८६४ मध्ये बाईंनी जागा गावाला दिली होती का? गावाने ती दफनभूमी म्हणून वापरली का? भिंत कोणी घातली? ज्यूरीने १८६४ च्या दानाबाबत गावाच्या बाजूने उत्तर दिले.

न्यायाधीशाने निकाल लगेच दिला नाही. पुढे दिला तो रेक्टरच्या बाजूने. ज्यूरीचे म्हणणे त्याने आपल्या टिपणात जसे उतरवले होते ते, बचावाच्या म्हणण्याप्रमाणे, ज्यूरी प्रत्यक्षात जे बोलली त्याहून वेगळे होते, आणि त्या वेगळ्या नोंदीवर कायद्याचा निष्कर्ष उभा होता.

इथे बरेच वकील हताश होतात. न्यायाधीशाचे टिपण म्हणजे रेकॉर्ड, आणि रेकॉर्डविरुद्ध बोलायचे कसे? लॉइड जॉर्जने ज्यूरीचे उत्तर त्याच वेळी स्वतः लिहून ठेवले होते. साधी गोष्ट आहे, पण कोर्टात उभे राहून बोलणारा माणूस त्याच क्षणी लिहूनही ठेवतो, हे फार थोड्यांना जमते. निकाल जाहीर होताना आपल्या अशिलाचा चेहरा पाहायचा मोह होतो, समोरच्याचा पाहायचा होतो. याने कागदाकडे पाहिले. वक्ता म्हणून त्याची कीर्ती पुढे जगभर झाली. मला मात्र ते टिपण त्या सगळ्या भाषणांहून मोठे वाटते.

अपील लंडनच्या डिव्हिजनल कोर्टात गेले. तिथे त्याला स्वतः बोलता येत नव्हते, बॅरिस्टर उभा राहिला. बेंचवर लॉर्ड चीफ जस्टिस कोलरिज आणि न्यायमूर्ती मॅनिस्टी होते. ज्यूरी काय म्हणाली यावरच आधी वाद झाला आणि वरच्या कोर्टाने खालच्या न्यायाधीशाची नोंद चुकल्याचे मान्य केले. १८८८ च्या डिसेंबरात निकाल रॉबर्ट्स कुटुंबाच्या बाजूने लागला. बातमी वेल्समध्ये चॅपलाचॅपलांतून पसरली. लॉइड जॉर्ज आता क्रिक्येथच्या मागच्या खोलीतला वकील राहिला नाही.

कौन्सिलात

पुढचे काही आठवडे विलक्षण आहेत. कारनार्वन बरोज हा मतदारसंघ सहा गावांचा होता : कारनार्वन, बँगर, कॉनवी, क्रिक्येथ, नेव्हिन आणि पुलहेली. उमेदवारीसाठी त्याची खटपट आधीपासून चालू होती आणि काही गावांत विरोध होता. खटला जिंकल्यावर जानेवारी १८८९ च्या सुरुवातीलाच लिबरल पक्षाने त्याला उमेदवार ठरवले.

त्याच महिन्यात काउंटी कौन्सिलांच्या पहिल्या निवडणुका झाल्या, आणि माझ्या दृष्टीने ही गोष्ट जास्त मोलाची आहे. तोवर परगण्याचा कारभार, म्हणजे रस्ते, पूल, पोलीस, वेड्यांची इस्पितळे आणि त्यासाठीची करवसुली, मॅजिस्ट्रेटांच्या तिमाही बैठकीत चाले. कोणी निवडून दिलेले नसलेले जमीनदार लोकांच्या पैशाचा हिशेब आपसांत ठरवत. १८८८ च्या स्थानिक शासन कायद्याने हा कारभार निवडून आलेल्या कौन्सिलांकडे दिला. पोलीस मात्र अर्धे कौन्सिलर आणि अर्धे मॅजिस्ट्रेट अशा संयुक्त समितीकडे ठेवले. जमीनदारांनी दंडुका सहजासहजी सोडला नाही.

लॉइड जॉर्ज स्वतः उभा राहिला नाही. तो गावोगाव लिबरल उमेदवारांसाठी बोलत फिरला. कारनार्वन परगण्यात लिबरलांना बहुमत मिळाले. कायद्याप्रमाणे कौन्सिलर आपल्या संख्येच्या एक तृतीयांश इतके ऑल्डरमन, म्हणजे कौन्सिलाचे ज्येष्ठ सदस्य, सहा वर्षांसाठी निवडत. त्यांनी या सव्वीस वर्षांच्या वकिलाला ऑल्डरमन केले. ‘पोरसवदा ऑल्डरमन’ असे त्याचे नाव पडले. ज्यांच्यापुढे तो कालपरवा पोरांची जामिनाची कामे चालवत होता, त्यांच्यातले काही आता त्याच टेबलाभोवती त्याच्या बरोबरीने बसले.

१८९० मध्ये पोटनिवडणूक लागली. समोर ह्यू एलिस-नॅनी, म्हणजे लानस्टिमडवीचाच जमीनदार. मते १९६३ विरुद्ध १९४५. अठरा मतांनी चांभाराचा भाचा खासदार झाला. ती जागा त्याने ५५ वर्षे राखली. पण कारनार्वन कौन्सिलातले ऑल्डरमनपदही त्याने सोडले नाही. पंतप्रधान असतानाही तो आपल्या परगण्याचा ऑल्डरमन होता, आणि १९२९ पासून काही वर्षे त्याच परगण्याच्या तिमाही न्यायबैठकीचा अध्यक्ष होता.

खर्च कोणाचा, ताबा कोणाचा

१९०२ च्या शिक्षण कायद्याने चर्चच्या शाळांचा खर्च स्थानिक करातून द्यायचे ठरवले. शाळा चालवणाऱ्या मंडळांत मात्र चर्चचेच बहुमत राहिले. वेल्समधल्या कितीतरी खेड्यांत चर्चची शाळा ही एकच शाळा होती. लॉइड जॉर्ज स्वतः अशाच शाळेत शिकला होता. म्हणजे कर चॅपलवाल्यांनी भरायचा, पोरे चॅपलवाल्यांची, आणि मास्तर नेमणार रेक्टर.

लानव्रॉथेनचा दावा पुन्हा उभा राहिला होता, एवढेच की आता दफनभूमीच्या जागी शाळा होती. भिंत गावाने घालायची आणि किल्ली रेक्टरकडे.

इंग्लंडमध्ये अनेक नॉनकन्फॉर्मिस्ट, म्हणजे तिथले चॅपलवाले, कर भरायचे नाकारून घरातल्या वस्तूंची जप्ती पत्करत होते. लॉइड जॉर्जने वेल्समध्ये तो मार्ग नको म्हटले. तिथे कौन्सिले लोकांच्या हातात होती. मग एकट्याने कर बुडवून जप्ती ओढवून घ्यायची कशाला? १९०३ मध्ये त्याने मांडलेली युक्ती खास सॉलिसिटरची होती : कायदा मोडू नका, शब्दशः पाळा. कायदा म्हणतो, इमारत नीट ठेवायची जबाबदारी मंडळाची. तर कौन्सिलाने प्रत्येक चर्चशाळेची तपासणी करावी. छत गळते का, हवा खेळते का, संडास कसे आहेत. जिथे उणीव दिसेल तिथे आधी दुरुस्ती, मग पैसे. जुन्या, पैशाअभावी मोडकळीला आलेल्या शाळांना हे परवडणारे नव्हते. पैसा हवा तर ताबा द्या, असा त्याचा अर्थ होता.

१९०४ च्या काउंटी निवडणुकांत वेल्सच्या तेराही परगण्यांत या धोरणाच्या बाजूचे बहुमत आले. बाल्फोर सरकारने त्याच वर्षी खास कायदा केला : कौन्सिलाने कसूर केली तर शिक्षणखाते चर्चशाळांना थेट पैसे देईल आणि कौन्सिलाच्या अनुदानातून कापून घेईल. वेल्समध्ये त्याला दडपशाहीचा कायदा म्हणत. तो ज्या कौन्सिलांवर चालवला गेला त्यांत मेरिओनेथ होते, म्हणजे लानव्रॉथेन ज्या परगण्यात येते तेच. डिसेंबर १९०५ मध्ये सरकार गेले. लॉइड जॉर्ज व्यापार मंडळाचा अध्यक्ष म्हणून मंत्रिमंडळात बसला आणि लढा तिथेच विरला. शाळांचा प्रश्न त्याने वेल्सच्या मनाजोगता सोडवला नाही, आणि त्याच्या सोबत्यांतल्या अनेकांना हे लागले. मला ते लागणे रास्त वाटते.

एक गोष्ट भारतीय म्हणून मला सांगितलीच पाहिजे. २ ऑगस्ट १९२२ रोजी हाच माणूस पंतप्रधान म्हणून पार्लमेंटमध्ये उभा राहिला आणि सनदी नोकरशाहीला हिंदुस्थानची पोलादी चौकट म्हणाला, ती काढता येणार नाही म्हणाला. १९१९ च्या कायद्याने स्थानिक स्वराज्य आपल्याकडच्या निवडून आलेल्या मंत्र्यांकडे नुकतेच आले होते. पुणे, नाशिक, सोलापूरच्या नगरपालिकांत वकील लोक तेच करू पाहत होते, जे कारनार्वनच्या कौन्सिलात त्याने केले होते. न निवडलेल्या मॅजिस्ट्रेटांचा कारभार ज्याने आपल्या परगण्यात सोसला नाही, त्याने आमच्यासाठी तोच कायमचा मानला. या विसंगतीचा मला राग आहे, आणि लानव्रॉथेनबद्दलच्या आदराने तो कमी होत नाही.

धाकटा भाऊ

खासदारांना १९११ पर्यंत पगार नव्हता. तो सुरू केला तो अर्थमंत्री लॉइड जॉर्जनेच, वर्षाला ४०० पौंड. मग १८९० पासून १९०५ मध्ये मंत्री होईपर्यंतची पंधरा वर्षे तो जगला कशावर? क्रिक्येथच्या फर्मवर. म्हणजे विल्यमवर. थोरला लंडनमध्ये भाषणे करत असताना धाकटा दस्त लिहीत होता, काउंटी कोर्टात उभा राहत होता, आई आणि मामांना सांभाळत होता आणि पैसे पाठवत होता. थोरला पत्रातून पैसे मागे, धाकटा पाठवी. १८९७ मध्ये थोरल्याने लंडनमध्ये भागीदारीत वेगळी फर्म काढली, पण आधार क्रिक्येथच राहिला.

‘आडगावचा सॉलिसिटर आणि स्थानिक कारभारातला माणूस’ हे वर्णन खरे लागू पडते ते विल्यम जॉर्जला. तोही कारनार्वन काउंटी कौन्सिलात वर्षानुवर्षे होता, शिक्षणाचे काम पाहत होता आणि वेल्श भाषेसाठी झटत होता. तो १०१ वर्षे जगला आणि १९६७ मध्ये गेला. त्याच्या नावावर लानव्रॉथेनसारखा खटला नाही. पण असे कोणी मागे राहून ऑफिस उघडे ठेवत नसेल, तर एकही वकील सार्वजनिक कामात टिकत नाही. प्रत्येक तालुक्यात एखादी अशी फर्म असते, जिथे एक भाऊ सभेत असतो आणि दुसरा तारखेला.

शेवटी

वेल्समधले चर्च सरकारपासून वेगळे करणारा कायदा १९१४ चा. युद्धामुळे तो १९२० मध्ये अमलात आला, तेव्हा लॉइड जॉर्ज पंतप्रधान होता. त्या कायद्याने टाइदसारख्या जुन्या उत्पन्नाचा मोठा भाग काउंटी कौन्सिलांकडे आला. त्या पैशातून झालेला निधी वेल्सच्या स्थानिक संस्था आजही सार्वजनिक कामांना वाटतात. ज्या वसुलीविरुद्ध तरुण चिटणीस गावोगाव बोलत फिरला होता, ती शेवटी त्याच्याच कौन्सिलाच्या तिजोरीत आली.

लॉइड जॉर्ज २६ मार्च १९४५ रोजी लानस्टिमडवीत वारला. त्याला चर्चच्या आवारात पुरले नाही आणि चॅपलच्याही नाही. गावाबाहेर ड्वीवोर नदीच्या काठी, झाडीत, त्याने आधीच निवडलेल्या जागी पुरले. वर एक मोठा धोंडा आहे. भोवतीची दगडी भिंत आणि फाटक क्लफ विल्यम्स-एलिस या वास्तुरचनाकाराने आखले. या विल्यम्स-एलिसचे वडिलोपार्जित घर, प्लास ब्रॉन्डानू, लानव्रॉथेनमध्येच आहे.